फॉलोअप अभ्यासात सहभाग हवा, पण हक्कांसह

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपले की सुटलो असे वाटते. प्रत्यक्षात पुढची काही वर्षे नियमित तपासणी आणि दरवर्षी मॅमोग्राफी लागते. कोणती तपासणी खरोखर गरजेची, हे रुग्ण महिला अभ्यासात सहभागी होतात म्हणूनच कळते. इटलीतील १,३२० महिलांच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. एका गटाची ठरावीक काळाने हाडांचा स्कॅन, सोनोग्राफी, रक्त अशी तपासणी झाली. दुसऱ्या गटाची फक्त डॉक्टरी तपासणी व मॅमोग्राफी. जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. लक्षणे नसताना महागडे स्कॅन नकोत, या सल्ल्यामागे असे पुरावे आहेत.

पण आपल्या वस्तीतल्या घरकामगार ताईची तपासणी का सुटते? रोज बुडतो म्हणून, गाडीभाडे नाही म्हणून, की हाताची सूज कुणाला दाखवावी हे कळत नाही म्हणून? याचे उत्तर इटली देणार नाही. आपली नोंदच नसेल, तर धोरणात आपली गरजही नसेल.

गरिबांवर प्रयोग होतील ही भीती आम्ही वस्त्यांत ऐकतो. ती निराधार नाही. म्हणूनच आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे माहीत हवीत. माहिती आपल्या भाषेत मिळावी, निरक्षर महिलेच्या संमतीवेळी निःपक्ष साक्षीदार असावा, कधीही बाहेर पडता यावे आणि त्यामुळे उपचार थांबू नयेत. प्रवासखर्च व बुडालेली मजुरीही मागता येते.

कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, तपासून घ्या, ही कालाम सुत्ताची शिकवण इथेही लागू आहे. तरुण कार्यकर्त्यांनी ताईंसोबत बसून संमतीपत्र वाचावे, त्यांचा आजार गोपनीय ठेवावा. अंगठा उमटण्याआधी प्रश्न विचारले गेले पाहिजेत.