कुठंही जाणारी गाडी

कुठंही जाणारी गाडी अशी काही वस्तू या जगात असते, यावर माझा विश्वास नाही. हे मी आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवायचं असेल त्यांना पुढचं वाचायचे कष्ट नकोत.

हा विषय माझ्या डोक्यात घातला तो आमच्या मेहुण्यांनी. मेहुणे पुण्याला असतात. सोनईच्या शिवारात आमच्या वस्तीशेजारी त्यांनी चार एकर जमीन घेतली आणि त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यात माती येऊ लागली. ही माती त्यांनी अजून पायाला लावलेली नव्हती, तोंडालाच होती. एका रविवारी गुळगुळीत कागदाची पाच-सहा माहितीपत्रकं घेऊन ते आले आणि चहाच्या आधीच म्हणाले,

"दाजी, तुम्ही इथले. चिखल, डोंगर, ओढा, शिकार, कशालाही चालेल अशी भरवशाची गाडी सुचवा."

"शिकार कशाची करणार?" मी विचारलं.

"नाही हो, शिकार म्हणजे आपलं... तशा दमाची."

शेजारच्या पोराने सोडलेलं झुरळ पाहून ज्यांनी आमच्या पलंगावर बैठक मारली होती, त्या गृहस्थांच्या तोंडी शिकार हा शब्द ऐकून मला भरून आलं. पण विषय निघालाच आहे तर सांगतो. या देशात वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला. त्यात शिकारीला पूर्ण बंदी नव्हती, परवाने मिळत. पण चाकाच्या वाहनातून शिकार करू नये असं मात्र त्यात तेव्हाच स्पष्ट लिहिलेलं होतं. १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचं दारच बंद केलं. म्हणजे शिकारीची गाडी हा प्रकार शिकारीच्याही आधी बाद झालेला आहे. तरी माहितीपत्रकातला माणूस अजून बॉनेटवर पाय ठेवून क्षितिजाकडे बघतोच आहे. क्षितिजावर काय आहे? आमच्याकडे क्षितिजावर साखर कारखान्याचं धुराडं आहे.

कायदा करणाऱ्यांना वाहनाचाच एवढा राग का आला असावा? महिंद्रांनी १९४७ साली विलीज जीप आपल्याकडे आणली. त्या जीपने पुष्कळ पुण्य केलं. तगाई वाटणारा मामलेदार, लस टोचणारा डॉक्टर, मतं मागणारा पुढारी हे सगळे तिच्यातूनच खेड्यात पोचले. (शेवटच्याला पुण्यात धरावं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.) पण तीच जीप रात्री माळावर उतरली, दिवे काळविटाच्या डोळ्यांवर पडले आणि ते जागच्या जागी खिळलं, की उरतं काय? नेम? धैर्य? काही नाही. उरतं ते पेट्रोल. आमचे एक मामा तारुण्यात अशा जीपमध्ये एकदा मागे बसून गेले होते. त्यांना त्याबद्दल विचारलं की ते तंबाखू मळायला घेत आणि विषय पाण्यापावसाकडे नेत. शिकारीची गोष्ट सांगायला लाजणारा शिकारी मी तेवढाच एक पाहिला.

काळवीट बघायचं तर आता कर्जत तालुक्यात रेहेकुरीला जावं लागतं. १९८० साली ते अभयारण्य झालं. माळढोकासाठी १९७९ साली जे भलंमोठं अभयारण्य जाहीर झालं, त्यात आमच्या नेवासे तालुक्याचंही नाव होतं. मी उभ्या आयुष्यात सोनईत माळढोक पाहिलेला नाही. मुळेचा कालवा आला, माळाचा ऊस झाला. माळढोकाने काय करायचं, कारखान्याचा सभासद व्हायचं? बिबट्या तेवढा हुशार. त्याने उसाचं सभासदत्व घेतलं. त्याच्यासाठी वनखात्याचा पिंजरा आमच्या वस्तीवर आला, तो मात्र माहितीपत्रकातल्या कुठल्याही गाडीतून आला नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आला.

"बरं, शिकार राहू द्या. पण दाजी, ही चारही चाकांना ताकद देते," मेहुणे म्हणाले.

ताकद देते, मान्य. पण कुणाच्या विरुद्ध? आमची काळी माती तुम्हांला ठाऊक नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यात हात जातो. पावसाळ्यात हीच माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. टायरला नक्षी असते ती चिखल धरण्यासाठी. पण ही माती त्या नक्षीतच जाऊन बसते, आणि दहा पावलांत टायर लोण्याच्या गोळ्यासारखा गुळगुळीत होतो. मग दोन चाकांना ताकद द्या नाहीतर चौदांना, सगळी एकदिलाने जागच्या जागी फिरतात. साधी गाडी चिखलात पहिल्या पन्नास फुटांत अडकते. चार चाकांची ताकद असलेली पाचशे फुटांवर जाऊन अडकते, आणि मग ओढणाऱ्याला साडेचारशे फूट जास्त चालावं लागतं. एवढाच काय तो फरक, आणि त्यासाठी किती लाख मोजायचे ते माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं.

मेहुण्यांनी मग लष्कर काढलं. नगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, लष्कराच्या गाड्या तिथे तपासल्या जातात, म्हणजे जिल्ह्याला परंपरा आहे वगैरे. मी त्यांना नगरच्या रणगाडा संग्रहालयात घेऊन गेलो आणि विचारलं, या एवढ्या धुडाला चाकं का नाहीत, पट्टा का? वजन पसरावं म्हणून. चिखलात जो जमिनीवर भार कमी टाकतो तो तरतो. तुम्ही दीड-दोन टनांच्या गाडीत गाद्या, गाणी आणि थंडगार हवा भरणार आणि तिला चार तळव्यांवर उभी करणार. वर म्हणणार, जमिनीपासून नऊ इंच उंच आहे! अहो, आमच्या आज्याच्या बैलगाडीची चाकं माणसाच्या छातीला लागत. आख जमिनीपासून दोन फूट वर. चाकाला लोखंडाची अरुंद धाव, ती चिखल कापत खाली कठीण लागेपर्यंत जायची, आणि पुढे दोन बैल, ज्यांची चारही नव्हे, आठही चाकं स्वतंत्र विचाराने चालत. बिघाड झालाच तर सुतार गावात, लोहार गावात. भरवसा म्हणजे हाच. ज्या गाडीचा आजार ओळखायला पुण्याहून संगणक घेऊन माणूस यावा लागतो, ती गाडी भरवशाची नसते. ती खानदानी असते. दोन्हींत फरक आहे.

आता मी काही "बैलगाडीकडे परत चला" म्हणणारा माणूस नाही. बैलांना रोज वैरण लागते आणि मला रोज पहाटे झोप लागते. पण चार वर्षांपूर्वी जे झालं ते सांगितल्याशिवाय माझ्या बोलण्यातला कडवटपणा कुठून आला हे कळायचं नाही.

परतीचा पाऊस चालू होता. वस्तीवर आत्या ओट्यावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वस्तीवर गाड्या किती? मोटारसायकली तीन, माल वाहायची पिकअप एक, मोटार एक, ट्रॅक्टर एक. आज्याच्या काळात अख्ख्या गावात नव्हत्या एवढ्या. डांबरी सडक दीड किलोमीटरवर. एकशे आठची रुग्णवाहिका सडकेवर येऊन उभी राहिली, पुढे येईना. मोटारीचा प्रश्नच नव्हता. ट्रॅक्टर निघाला, पण त्याच्या हादऱ्याने आत्या अशी ओरडली की बंद करावा लागला. शेवटी बाज काढली. चौघांनी खांद्यावर घेतली, पाचवा मी, छत्री धरायला. गुडघाभर चिखलातून दीड किलोमीटर, तास लागला. वाटेत आत्या मला म्हणाली,

"आरं, माझी वरात आली तव्हा या पांदीतून दोन गाड्या शेजारी शेजारी चालत व्हत्या. आता चौघं धड चालंनात. कुठं गेली रं पांद?"

कुठं गेली? कुठं जाणार! दोन्ही बाजूंच्या रानांत गेली. दरवर्षी नांगरट करताना ट्रॅक्टरवाल्याला कुणी सांगत नाही की बांध कोर; तो आपला वळताना जरा पुढे जातो. या वर्षी वीतभर, पुढच्या वर्षी वीतभर. वीस-पंचवीस वर्षांत दोन गाड्यांची पाणंद एका मोटारसायकलीची होते, आणि पाण्याला जायला चर उरत नाही, म्हणून सगळं पाणी पाणंदीतच थांबतं. ही चोरी कुणी रात्री येऊन करत नाही. शिंगणापूर आमच्यापासून पाच-सहा किलोमीटरवर. तिथल्या घरांना परंपरेने दारं नाहीत, चोरी करणाऱ्याला शनिदेव बघून घेतो असा विश्वास आहे. मला वाटतं बांध कोरणं ही चोरी शनीच्या यादीत राहून गेली असावी.

कायदा नाही असं नाही. महसूल संहितेत १९६६ पासून कलम १४३ आहे, शेतात जायला बांधावरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. अडवलेली वाट मोकळी करायला १९०६ चा मामलेदार न्यायालयांचा कायदा आहे, साहेबाच्या वेळचा, अजून ठणठणीत. शेत-पाणंद रस्त्यांसाठी सरकारी योजना आहेत. नाही तो अर्ज करणारा माणूस. कारण अर्ज करायचा तर मोजणी आली, आणि मोजणी आली की साखळी सगळ्यांच्याच रानात पडते.

माझ्याही. आत्या दवाखान्यातून आल्यावर मी गपचूप टेप घेऊन गेलो. जुन्या लिंबापासून आज्या जे अंतर सांगायचा ते धरलं, तर आमचा ऊस पाणंदीत दोन सऱ्या आत होता. पाच वर्षं मी ज्या पाणंदीच्या नावाने चावडीवर शिव्या घालत होतो, तिचा ऊस कारखान्याला घालून मी पैसे घेतले होते.

मेहुण्यांना हे सगळं सांगितलं. म्हटलं, अहो, वाईट रस्त्यासाठी चांगली गाडी घेण्यात जेवढा पैसा जातो, त्यातल्या थोड्या पैशांत आपल्या वाट्याचा मुरूम येईल. आणि तुमची गाडी तुम्हांला नेईल. दूधवाला, शाळेची पोरं, ऊसतोडीची बाई, बाजेवरची म्हातारी यांना काय? प्रत्येकाने आपापली चार चाकांच्या ताकदीची घ्यायची? ज्याला परवडते त्याची अडचण गेली, की अर्जावर एक सही कमी होते. गावातल्या ज्या पाच माणसांचं तहसीलदार ऐकेल, ती पाचही चिखलातून जाणाऱ्या गाड्या घेऊन बसली, तर पाणंद कोण मागणार?

मेहुण्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "पटतंय दाजी. पण मी परवाच नोंदणी केली हो."

गाडी दिवाळीला आली. हिरवी आहे, देखणी आहे. मी आमच्या दोन सऱ्या मोडून पाणंदीला सोडल्या. समोरचे बापू बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "सोडा, सोडा. पलीकडचे सोडतात का बघू, मंग आमी बी सोडू." पलीकडचे मेहुणे आहेत. त्यांच्या चार एकरांत किती सऱ्या निघतात ते मोजायला आम्ही पुढच्या रविवारी जाणार आहोत. त्यांच्याच गाडीतून. ट्रॅक्टरवाल्याला दोर तयार ठेवायला सांगितलाय.