औषध नवे, फवारणारा हात तोच!

भातावर करपा पडला की जूचंद्रपासून डहाणूपर्यंत शेतकऱ्याची धाव औषधाच्या दुकानाकडे! दुकानदार देईल ती बाटली घ्यायची आणि पंप पाठीवर चढवायचा तो बहुधा भूमिहीन मजुराच्या. ना हातमोजे, ना तोंडावर मास्क. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर प्राणास मुकले. म्हणून शेतीतील नव्या संशोधनाकडे कष्टकऱ्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे.

हे संशोधन आहे आरएनएच्या फवारणीचे. बुरशीला जगण्यासाठी लागणाऱ्या एखाद्या जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए पानावर फवारतात. बुरशी तो शोषते, तिच्याच पेशीत त्याचे तुकडे होतात आणि ते तुकडे त्या जनुकाचा निरोप नष्ट करतात. जनुक मुके होते, बुरशीची वाढ खुंटते. पिकाचे बियाणे मात्र बदलत नाही. या तत्त्वाच्या शोधासाठी अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांना २००६ चे नोबेल मिळाले. २०१६ साली जर्मन शास्त्रज्ञांनी बार्लीच्या पानांवर फ्युजेरियम बुरशी अशीच रोखून दाखविली.

पण हुरळून जाण्याचे कारण नाही. आरएनए उन्हापावसात लवकर नष्ट होतो. कोकणच्या पावसात तो किती टिकणार? शिवाय सर्वच बुरशी तो शोषत नाहीत. भाताच्या पर्णकोष करप्याची बुरशी शोषते, पण आंब्यावर करपा आणणारी बुरशी शोषत नाही, असे २०२१ च्या एका अभ्यासात दिसले. अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये असे पहिले फवारणीचे औषध मंजूर केले, तेही बटाट्यावरील भुंगेऱ्यासाठी, बुरशीसाठी नव्हे.

खरा प्रश्न मालकीचा आहे. बीटी कापसाच्या बियाण्यावर कंपनीने किती स्वामित्वशुल्क उकळले, हे विदर्भाला विचारा! अखेर २०१६ साली सरकारला भाव बांधून द्यावे लागले. तीच लूट पुन्हा होऊ द्यायची का?

म्हणून दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि कर्जतचे भात संशोधन केंद्र यांनी जनतेच्या पैशातून, जनतेच्या शेतावर या फवारणीच्या चाचण्या घ्याव्यात व निष्कर्ष मराठीत जाहीर करावेत. फवारणाऱ्या मजुराच्या सुरक्षेची तपासणी ही त्यातली पहिली अट असावी. विज्ञान कुणाच्या बापाची जहागीर नाही. ते कष्टकऱ्याच्या बांधावर आले पाहिजे आणि त्यासाठी कष्टकऱ्यानेच आवाज उठविला पाहिजे!