यंत्र आणले, तरी शब्द का उमजेना?



खानापूर तालुक्यातील एका घरी गेल्या पावसाळ्यात आम्ही गेलो असता, आजोबांचे नवे श्रवणयंत्र कपाटात डबीबंद पडलेले आढळले. "एवढे पैसे घालून आणले, फादर, पण मामंजी ते लावीतच नाहीत," असे सूनबाईंनी गाऱ्हाणे घातले. आजोबांचेही गाऱ्हाणे होतेच. "पंखा ऐकू येतो, भांडी ऐकू येतात, माणसाचा शब्द तेवढा कळत नाही." आम्ही त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने बोललो, तर ते दचकून म्हणाले, "अहो, ओरडता कशाला?"

वाचकहो, सून आणि सासरे दोघेही खरेच बोलत होते. वार्धक्यात बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी हरपतात. 'आ', 'ओ' हे स्वर जोरकस असतात व खालच्या पट्टीतही भरलेले असतात, म्हणून ते ऐकू येत राहतात. परंतु ताट, पाट आणि खाट यांतील भेद करणारी व्यंजने क्षीण असतात. सुनेने ताट म्हटले की आजोबा खाटेकडे पाहत, ते यामुळेच. शिवाय अशा कानाला मंद आवाज मुळीच ऐकू येत नाही, आणि थोडा मोठा झाला की सोसवत नाही. ही मधली जागा फार अरुंद. सरसकट आवाज वाढवून भागत नाही, ते याचसाठी.

१९७३ साली एडगर व्हिल्चर या अमेरिकन संशोधकाने यावर एक उपाय मांडला: ध्वनीच्या पट्ट्या वेगळ्या कराव्यात, आणि प्रत्येकीत मंद आवाज पुष्कळ व मोठा आवाज थोडाच वाढवावा. आजची यंत्रे हेच काम अंकगणिताने करतात. पण त्याची किंमत असते. यंत्राने ही वाढघट फार त्वरेने केली, तर दोन शब्दांमधील क्षणभराच्या शांततेत पंख्याची घरघर वर येते व बोलण्यातील चढउतार सपाट होतात. फार सावकाश केली, तर भांडे आपटल्यावर पुढचा हळू शब्द बुडतो. पंख्यासारखा एकसुरी आवाज यंत्र ओळखून कमी करते खरे. त्याने कानाला विसावा मिळतो, पण शब्द फारसे अधिक उमजत नाहीत, कारण त्याच पट्टीतला शब्दही दबला जातो. आणि चार माणसे एकदम बोलू लागली, तर ऐकायचे कोणाचे, हे बिचाऱ्या यंत्राने कसे ठरवावे? दोन ध्वनिग्राहक असलेले यंत्र समोरच्याला झुकते माप देते. मात्र बोलणारा जवळ हवा. उंच छताच्या, घुमणाऱ्या मंदिरात दूरच्या वेदीवरून आम्ही कितीही बोललो, तरी त्याचा उपयोग थोडाच.

आजोबा ती डबी घेऊन पुन्हा श्रवणतज्ज्ञाकडे गेले. कोणता आवाज टोचतो, कोठे शब्द सुटतो, हे त्यांनी नीट सांगितल्यावर जुळणी बदलून मिळाली. प्रथम शांत खोलीत घटकाभर, मग हळूहळू अधिक वेळ, असे ते यंत्र लावू लागले. नव्या आवाजांची सवय जडायला काही आठवडे गेले. सूनबाई आता स्वयंपाकघरातून हाक न मारता समोर येऊन बोलतात. आम्हीही प्रवचन सावकाश करू लागलो आहोत. आजोबा पहिल्या बाकावर बसतात, आणि प्रवचन फार लांबते ही त्यांची नवी तक्रार आहे.