चक्की कुणाच्या नावावर?

चॉकलेटच्या वेष्टणावर घटकांची यादी बारीक अक्षरांत छापलेली असते. आपण ती सहसा वाचत नाही. युरोपीय संघाने 2000 साली एक नियम केला. त्यानुसार चॉकलेटमध्ये कोकोचे लोणी सोडून इतर वनस्पतींची चरबी 5 टक्क्यांपर्यंत घालता येते, आणि त्यासाठी फक्त सहा पदार्थांना परवानगी आहे. त्या सहांमध्ये आपल्या कोकणातले कोकमाचे तेल आहे, सालाच्या बियांचे आहे, आंब्याच्या कोयीचे आहे. आणि पश्चिम आफ्रिकेतल्या शिया नावाच्या झाडाचे तूपही आहे.

नाव वाचून गैरसमज नको. आपल्या शिया-सुन्नीशी याचा काही संबंध नाही. शब्द तिकडच्या भाषांमधून आला आहे. आपल्याकडे क्रीमच्या डब्यांवर जे 'शिया बटर' लिहिलेले असते, ते हेच. सेनेगलपासून युगांडापर्यंत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला जो कोरडा पट्टा आहे, त्यात हे झाड आपोआप उगवते. फळ धरायला पंधरा-वीस वर्षे लागतात, म्हणून त्याची बाग लावायला सहसा कुणी धजत नाही. इब्न बतूता 1352-53 मध्ये मालीच्या राज्यात फिरला, तेव्हा त्याने या झाडाची नोंद केली होती. फळ गोड, बी कुटून तेल काढतात, त्यात स्वयंपाक करतात, दिवे लावतात, अंगाला चोळतात, मातीत कालवून घरे लिंपतात, असे त्याने लिहून ठेवले. म्हणजे हा उद्योग किमान पावणेसातशे वर्षे जुना आहे. कुठल्या संस्थेने जाऊन तो बायकांना शिकवलेला नाही.

हे सांगण्याचे कारण आहे. आफ्रिकेतल्या ग्रामीण स्त्रियांच्या सक्षमीकरणाबद्दल जे लिहिले-बोलले जाते, त्याचा सूर बहुतेक वेळा असा असतो की या बायांना काही येत नाही, आपण त्यांना प्रशिक्षण देऊ आणि त्या पायावर उभ्या राहतील. प्रत्यक्षात त्यांना काय येते ते पाहा. उत्तर घानातल्या तामाले शहराभोवतीची खेडी घेऊ. या भागात दागोम्बा लोकांची मोठी वस्ती आहे आणि त्यांच्यात बहुसंख्य मुसलमान आहेत. मे महिन्यापासून फळे गळू लागतात. बाया उजाडण्यापूर्वी रानात जातात. गवतात साप असतात, तरी हातांनी फळे वेचतात आणि डोक्यावरून घरी आणतात. गर खाल्ला जातो. बिया उकळायच्या, वाळवायच्या, फोडायच्या, आतला मगज पुन्हा वाळवायचा, भाजायचा, दळून त्याचा लगदा करायचा. मग पाणी घालत तो लगदा हाताने इतका फेटायचा की चरबी पांढरी होऊन वर तरंगू लागते. ती काढून, धुऊन, कढवून तूप तयार होते. पाणी किती गरम, किती गार, फेटणे कधी थांबवायचे, हे त्या नजरेने आणि बोटांनी ओळखतात. आपल्याकडे लोणी कढवणाऱ्या बाईला हे वेगळे सांगायला नको.

कसब आहे आणि मेहनतही आहे. गिऱ्हाईक तर थेट युरोपापर्यंत आहे. मग पैसा कुठे अडतो?

शियाला 'बायकांचे सोने' म्हणण्याची तिकडे पद्धत आहे. मला हा शब्द फसवा वाटतो. सोने निदान अंगावर राहते आणि अडीअडचणीला गहाण ठेवता येते. शियाच्या बाबतीत झाड ज्या शेतात उभे असते ते शेत नवऱ्याच्या, सासऱ्याच्या किंवा कुळाच्या नावावर असते. बाईला फक्त वेचण्याचा हक्क, आणि तोही रिवाजाने. भाव वाढला की हा रिवाज आखडतो. कोळशासाठी झाड तोडायचे ठरले, तर बहुधा तिला कुणी विचारत नाही.

दुसरी अडचण वेळेची. फळे गळतात तेव्हा मागच्या वर्षीचे धान्य संपलेले असते आणि नवे पीक अजून शेतात उभे असते. घरात पोरे उपाशी, म्हणून बिया मिळेल त्या भावाला विकाव्या लागतात. व्यापारी त्या साठवतो आणि चार महिन्यांनी चढ्या भावाने विकतो. शिवाय खेड्याच्या बाजारात माप वाटीचे असते, तराजूचे नाही. वाटी शिगोशीग भरायची की काठोकाठ, हे ज्याच्या खिशात पैसे असतात तोच ठरवतो. आपल्याकडे पायली-अधोलीच्या काळात शेतकऱ्याचे जे व्हायचे तेच.

तिसरी अडचण यंत्राची, आणि माझ्या मते मुद्दा इथेच आहे. कुटण्या-दळण्याचे काम कंबर मोडणारे. चक्की आली की तासांचे काम मिनिटांत होते, म्हणून चक्की हवीच. पण जिथे काम हातचे असते तिथे ते बायकांचे असते आणि जिथे यंत्र येते तिथे मालक बहुधा पुरुष होतो. बाई डोक्यावर टोपली घेऊन त्याच्याकडे जाते, दळणाचे पैसे देते आणि परत येते. नायजेरियात आणि घानात कसाव्याच्या कंदापासून गारी बनवतात, तिथेही हेच घडले. (आपला साबुदाणा याच कंदाचा.) कंद किसण्याचे यंत्र आल्याने बायकांच्या हातांची साले निघणे थांबले, हे खरेच मोठे काम झाले. पण किसणीचे उत्पन्न पुरुषांच्या हाती गेले आणि सोलणे, भाजणे, धूर खाणे बायकांकडेच राहिले.

याला उत्तर शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. मालीमध्ये 1990 च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने एक योजना सुरू झाली. एका डिझेल इंजिनावर चक्की, धान्य सडण्याचे यंत्र, बॅटरी चार्ज करण्याची सोय असे सगळे जोडायचे आणि ते गावातल्या बायकांच्या संघटनेच्या मालकीचे करायचे. बायकांनी स्वतः मागणी करायची, खर्चाचा काही वाटा स्वतः उचलायचा, हिशेब स्वतः ठेवायचा. कल्पना मला फार योग्य वाटते. पुढे डिझेल महागले, सुटे भाग मिळेनात आणि बरीच यंत्रे बंद पडली. पण त्यामुळे मालकीची कल्पना चुकीची ठरत नाही. यंत्र देऊन उद्घाटनाचा फोटो काढला म्हणजे काम संपत नाही, दुरुस्ती करणारा माणूस आणि हिशेब ठेवणारी बाई तयार करावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

पैशाच्या बाबतीत मात्र बायकांनी स्वतःच चांगला मार्ग काढून दाखवला. शेजारच्या नायजरमध्ये, जिथली जवळपास सगळी प्रजा मुसलमान आहे, केअर या संस्थेने 1991 मध्ये गावोगाव बचतीचे गट सुरू केले. मुळाशी तिथल्या बायकांची जुनी पद्धत होती. आपण तिला भिशी म्हणू. दर आठवड्याला थोडे थोडे जमवायचे आणि त्यातूनच एकमेकींना कर्ज द्यायचे. बाहेरचा पैसा नाही, बँक नाही, सावकारही नाही. हीच पद्धत पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांत पसरली. आता जोडून पाहा. दहा-वीस बायकांच्या भिशीत उपासमारीच्या महिन्यांपुरते धान्य घेण्याइतके पैसे असतील, तर बिया घाईने विकाव्या लागत नाहीत. बिया घरात राहिल्या तर तूप काढता येते, आणि तूप काढले तर मेहनतीचे मोल बाईच्या हातात येते.

सरकारांनाही आता हे मोल दिसू लागले आहे. बुर्किना फासो आणि मालीने 2024 मध्ये कच्च्या बियांची निर्यात थांबवली. नायजेरियाने ऑगस्ट 2025 मध्ये सहा महिन्यांची बंदी घातली. माल कच्चा बाहेर जाऊ नये, प्रक्रिया देशातच व्हावी, हा हेतू चांगला आहे. पण आपण कांद्याची निर्यातबंदी पाहिलेली माणसे आहोत. 8 डिसेंबर 2023 ला बंदी आली आणि नाशिकच्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा आला. गावात चक्की नाही, गोदाम नाही आणि बाहेरचा रस्ता बंद, असे झाले तर पहिला फटका रानात फळे वेचणाऱ्या बाईलाच बसणार. आधी तिच्या हाती साधन द्या, मग बंदीचा विचार करा.

एक गोष्ट आपल्या लोकांसाठी. बाईची कमाई आणि तिचा मेहर यांवर तिचाच हक्क, वारशात तिचा वाटा ठरलेला, हे आपल्यात तत्त्व म्हणून कुणी नाकारत नाही. तकरीरींत आपण ते अभिमानाने सांगतो. पण सात-बाऱ्यावर किती बहिणींची नावे आहेत, किती जणींकडून 'भावासाठी' हक्कसोड पत्रावर सही घेतली गेली, हे आपल्याला ठाऊक आहे. तामालेच्या खेड्यातली बाई आणि आपल्या तालुक्यातली बाई यांच्यातले अंतर नकाशावर दिसते तेवढे नाही. दोघींच्या हक्काचा उल्लेख किताबात आहे, फक्त सरकारी कागदावर नाही.

म्हणून यापुढे कुठेही स्त्री-सक्षमीकरणाची योजना ऐकली, मग ती घानातली असो की आपल्या गावच्या बचत गटाची, तर तीन साधे प्रश्न विचारावेत. यंत्राची पावती कुणाच्या नावावर आहे? वजन कोण करतो आणि वहीत कोण लिहितो? आणि माल थांबवून ठेवायची ताकद बाईकडे आहे का? या तिन्हींची उत्तरे तिच्या बाजूने असतील, तर बाकीचे ती पाहून घेईल. तूप काढायला तिला कुणी शिकवायची गरज नाही.