"परत कधी येतो?" हे विचारण्याआधी

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. त्या आठवड्यात आमच्या अचलपूर-परतवाड्याच्या जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. एकानं लिहिलं, "बरं झालं, आता येतीन पोट्टे वापस." खाली दुसऱ्यानं लिहिलं, "येऊन करतीन काय बाप्पा इथं?"

पहिल्या मेसेजला पस्तीस अंगठे आले. दुसऱ्याला एकही नाही. मला वाटतं खरा प्रश्न दुसऱ्यानं विचारला होता, म्हणून हे जरा लांबलचक लिहितोय.

मी अमेरिकेत नाही, जर्मनीत आहे. डार्मश्टाट नावाच्या गावात. गोळ्यांची पाकिटं भरणारी यंत्रं असतात, त्यांचं सॉफ्टवेअर लिहितो. दोन वर्षांसाठी आलो होतो, हे दहावं वर्ष. वर्षाला तीस दिवस भरपगारी सुट्टी आहे. आजारी पडलो तर साहेबाला लाजत फोन करावा लागत नाही. संध्याकाळी सहानंतर कामाचा मेल आला तर पाठवणाऱ्यालाच लोक वेड्यात काढतात. हे सगळं चांगलं आहे, आणि ते मला चांगलं वाटतं हे सांगायला संकोच कशाला? पण दर काही वर्षांनी निवास परवान्याच्या कागदांसाठी आपण पुन्हा "बाहेरचे" होतो, तेही खरं. वडिलांची अँजिओप्लास्टी मी मोबाईलवर पाहिली. पाहिली म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या बंद दाराकडं पाहत बसलो, भावानं फोन तिकडं धरला होता म्हणून.

या गावात स्टेशनच्या पलीकडं युरोपीय अंतराळ संस्थेचं नियंत्रण केंद्र आहे. १९६७ पासून. युरोपचे उपग्रह इथून हाकले जातात. रोज सकाळी माझी ट्राम तिथून पुढं जाते. बाहेरून बघाल तर आपल्याकडच्या एखाद्या महामंडळाच्या कार्यालयासारखं दिसतं. सायकली लावलेल्या, चहाचे कप घेऊन उभी असलेली माणसं.

२३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरलं. भारतात संध्याकाळचे सहा वाजून चार मिनिटं, इथं दुपारचे अडीच. मी मीटिंगमध्ये होतो, कान एकीकडं आणि डोळे फोनवर. चंद्रयानाचा माग काढायला युरोपीय संस्थेच्या अँटेनाही मदतीला होत्या. उतरताना ऑस्ट्रेलियातल्या न्यू नॉर्सियाची मोठी तबकडी तिकडं कान लावून होती, आणि त्या अँटेनांचा कारभार याच इमारतीतून चालतो. त्या दिवसांत खामगावच्या चांदीच्या नळ्या आणि उष्णतारोधक कापड यानात वापरल्याच्या बातम्याही आपल्या पेपरांत आल्या होत्या. म्हणजे वऱ्हाडातला माल आणि माझ्या ट्रामच्या रस्त्यावरचं ऑफिस, दोन्ही एकाच कामाला लागलेले. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

ग्रुपवर मात्र आमच्या एका काकाजींनी लिहिलं, "चंद्रावर जाऊन कापसाले भाव भेटते का?"

पोरांनी त्यांची थट्टा केली. मी करणार नाही, कारण प्रश्न रास्त आहे. ज्या माणसाचा कापूस घरात पडलाय आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ज्यानं बाहेरच्या कापसावरचं आयातशुल्क उठल्याची बातमी वाचली, त्यानं चंद्राकडं बघून टाळ्या वाजवाव्यात असं सांगणारे आपण कोण? २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव कागदावर ८,११० रुपये होता, तोही लांब धाग्याला, आणि व्यापारी दारात उभा राहून काय म्हणतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

पण काकाजी, हिशेब मांडूच. चंद्रयान-३ चा खर्च साधारण ६१५ कोटी. महाराष्ट्रात २०१७ ला जाहीर झालेली कर्जमाफी ३४ हजार कोटींची. चंद्राचे पैसे वाचवले असते तरी त्यातून कापसाचा प्रश्न सुटला नसता. शेतकऱ्याच्या ताटातला घास इस्रोनं घेतलेला नाही. माझी तक्रार उलटी आहे. इस्रोनं जे बनवलं, ते शेतकऱ्याच्या ताटापर्यंत आणायची जबाबदारी ज्यांची होती, त्यांनी ती मध्येच सोडून दिली.

कारण आपल्या अंतराळ कार्यक्रमाची सुरुवातच मुळी गावासाठी झाली. आपल्यापैकी किती जणांना एकनाथ चिटणीस हे नाव माहीत आहे? कोल्हापुरात जन्मलेला माणूस, अमेरिकेत एमआयटीत संशोधन करत होता. विक्रम साराभाईंनी बोलावलं आणि आला. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून देशातल्या २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवायचा 'साइट' प्रयोग झाला, त्याचं व्यवस्थापन त्यांच्याकडं होतं. शेती, आरोग्य, शिक्षण हे कार्यक्रम थेट खेड्यात. उपग्रह अमेरिकेचा घेतला उसना, पण कशासाठी वापरायचा ते आपण ठरवलं. चिटणीस ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यात गेले, वयाची शंभर वर्षं पूर्ण करून. आपल्या ग्रुपवर त्या दिवशी नेहमीचे शुभ सकाळचे फुलांचे फोटो होते.

दुसरे वसंत गोवारीकर. इंग्लंडमध्ये शिकले, तिथल्या अणुसंशोधन केंद्रात नोकरी. चांगली नोकरी. १९६७ मध्ये तेही साराभाईंच्या बोलावण्यावरून थुंबाला आले. थुंबा म्हणजे तेव्हा केरळातलं मच्छीमारांचं गाव. चर्चच्या इमारतीत ऑफिस, आणि अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेल्याचे ते फोटो तुम्ही पाहिलेच असतील. गोवारीकरांनी घन इंधनाचं काम उभं केलं, पुढं विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. आणि नंतर काय केलं? मान्सूनचा अंदाज. १९८८ पासून हवामान खातं सोळा घटकांच्या ज्या मॉडेलवर पावसाचा अंदाज देऊ लागलं, त्यामागं हेच गोवारीकर. अग्निबाणाचं इंधन बनवणारा माणूस शेवटी कास्तकाराच्या पावसापाशी आला.

आपण या गोष्टी सांगताना नेहमी "देशप्रेमापोटी परत आले" असं म्हणतो. देशप्रेम असेलच. पण त्याहून साधी गोष्ट आपण विसरतो. त्यांना कोणीतरी काम देऊन बोलावलं होतं. नुसतं "ये रे मायभूमीत" म्हटलं नव्हतं. हे काम आहे, हे अवघड आहे, इथं कोणी केलेलं नाही, तू कर, आणि तुझ्यामागं मी उभा आहे, असं सांगणारा माणूस होता.

आता आपल्या गावाकडं बघू.

शकुंतला घ्या. मूर्तिजापूर ते अचलपूर, ७६ किलोमीटरची नॅरोगेज. ती बांधली कापूस नेण्यासाठी. इथला कापूस मुंबईला आणि तिथून विलायतेला. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन या लायनीवर १९९४ पर्यंत धावलं. आज रुळांवर झुडपं आहेत आणि ब्रॉडगेजचं आश्वासन दर निवडणुकीला नव्यानं धावतं. मुंबईहून अचलपूरला आणलेली फिनले मिल घ्या. २०२० च्या टाळेबंदीत थांबली, कामगारांनी आंदोलनं केली, निवेदनं दिली. त्या मिलमधला चाळीशीतला माणूस आज काय करतो ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त सांगू शकाल.

अशा गावातून पोरगं इंजिनिअर होऊन पुण्याला जातं, तेव्हा ते परदेशातच गेलेलं असतं. हिंजवडीत राहणारा आणि जर्मनीत राहणारा, दोघंही दिवाळीलाच येतात. तेव्हा "परत कधी येतो?" हा प्रश्न फक्त व्हिसावाल्यांना कशाला?

सुनीता विल्यम्स जून २०२४ मध्ये साधारण आठ दिवसांसाठी अंतराळ स्थानकात गेल्या आणि २८६ दिवसांनी परतल्या. त्या नऊ महिन्यांत आपल्याकडं "अडकली, अडकली" म्हणून किती हळहळ. पण त्यांच्यासाठी खाली यान तयार होत होतं, तारीख ठरत होती, उतरल्यावर काय करायचं ते ठरलेलं होतं. आमच्यासाठी हळहळणारे खूप आहेत, तारीख ठरवणारं कोणी नाही.

आणि काम नाही असं थोडंच आहे? एकच उदाहरण देतो, माझ्या ट्रामच्या रस्त्यावरचं.

डार्मश्टाटच्या त्या इमारतीतून सेंटिनेल-२ नावाचे उपग्रह चालवले जातात. ते दर पाच दिवसांनी अचलपूर, चांदूरबाजार, मोर्शी, वरूड या सगळ्या पट्ट्याचे फोटो काढतात. फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवर दहा मीटर बाय दहा मीटर. एकरात असे चाळीस ठिपके बसतात. म्हणजे पाच एकर संत्र्याच्या बागेचे दोनशे ठिपके. कुठला कोपरा हिरवा आहे, कुठला सुकतोय, दिसतं. पावसाळ्यात ढग आडवे येतात, तर सेंटिनेल-१ रडारनं ढगांतून बघतो, शेतात साचलेलं पाणी त्यातून ओळखता येतं. आणि ही सगळी माहिती फुकट आहे. कोणीही, कुठूनही उतरवून घ्यावी.

आता आपल्याकडचा फळपीक विमा. तो हवामानावर आधारित आहे. तुमच्या बागेत काय झालं यावर नाही, तर मंडळातल्या हवामान केंद्रानं किती पाऊस, किती तापमान नोंदवलं यावर बरीचशी भरपाई ठरते. एका महसूल मंडळात कितीतरी गावं. केंद्र एका जागी, पाऊस दुसऱ्या जागी. नाल्याच्या अलीकडं धो-धो आणि पलीकडं कोरडं, हे आपण लहानपणापासून पाहतोय. फळगळ होऊन बाग रिकामी झालेला माणूस तालुक्याला चकरा मारतो आणि यंत्र म्हणतं, पाऊस झालाच नाही.

उपग्रह जादू करत नाही. झाडाखाली किती संत्री गळली ते त्याला मोजता येत नाही. तो फक्त सांगेल की या वीस बागांत काहीतरी बिघडलंय. मग तिथं माणूस जायला हवा, फळं मोजायला, फोटो काढायला, माती हातात घ्यायला. म्हणजे संगणकाचं काम आणि बांधावरचं काम, दोन्ही जोडणारा माणूस. असा माणूस डार्मश्टाटमध्ये तयार होत नाही, तो अचलपूरचाच लागतो, ज्याला आंबिया आणि मृग बहारातला फरक कोणी शिकवावा लागत नाही.

साधनं आहेत. नागपूरला राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आहे. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. अमरावतीत इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, दरवर्षी पोरं बाहेर पडतात. पीक विम्यात उत्पादनाच्या अंदाजासाठी दूरसंवेदन वापरायला केंद्रानं २०२३ मध्ये सुरुवातही केली, पण आधी भात आणि गहू. आपल्याकडं कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्रा.

तर माझी मागणी साधी आहे. तालुक्याला एक खोली द्या. पाच-सहा पोरं-पोरी, त्यातली निम्मी कृषी पदवीधर, निम्मी संगणकवाली. दर पंधरवड्याला गावागावाचा पीकनकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचा, मराठीत. नुकसान झालं की विमा कंपनीच्या आकड्यासमोर ठेवायला शेतकऱ्याच्या हातात आपला कागद असेल. आणि या पोरांना अकरा महिन्यांचं कंत्राट देऊ नका. पाच वर्षांचा शब्द द्या. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर कोणी इंग्लंडहून थुंबाला आलं नसतं.

आता कोणी म्हणेल, "तू बसलास युरोत पगार घेत, आम्हाले काऊन शिकवतं?" म्हणा. पण गाव सोडलेल्यानं गावाबद्दल बोलायचं नाही हा नियम लावला, तर वऱ्हाडातली निम्मी पिढी गप्प होईल. पैसे पाठवा, पण मत देऊ नका, असा व्यवहार मला मान्य नाही. आणि माझं उत्तर हवं असेल तर ऐका. तिसऱ्या हिश्श्याच्या पगारावर मी येईन. माझ्या ओळखीचे आणखी चौघं येतील, त्यातला एक हिंजवडीतून. बायकोशी बोलून लिहितोय. पण काम खरं हवं आणि ते पुढच्या मतदानानंतरही चालू राहायला हवं.

अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून जातं. अचलपूर ते मुंबई सरळ रेघ मारली तरी त्याहून जास्त भरते. म्हणजे ते डोक्यावरून जाताना अचलपूरकराला मंत्रालयापेक्षा अंतराळवीर जवळ असतो. त्यामुळे हे सांगायला मुंबईची वाट बघू नका. मतं मागायला जो कोणी तुमच्या दारात येईल, कुठल्याही पक्षाचा असो, त्याला चहा द्या आणि विचारा, आमच्या मंडळातलं पर्जन्यमापक कुठं आहे? ते तरी माहीत आहे का? त्याचं उत्तर खाली कमेंटमध्ये लिहा, गावाच्या नावासकट. यादी मी करतो.