पट्टा हवा तेथे नाही, नको तेथे आहे

औषधांच्या दुकानात काचेमागे मांडलेले कमरेचे पट्टे आता शहरांतच नव्हे, तालुक्याच्या गावीही दिसतात. दिवसभर संगणकापुढे बसणारे कारकून, फळ्यापुढे तासन्‌तास उभे राहणारे शिक्षक, एस. टी.च्या धक्क्यांनी बेजार झालेले नित्याचे प्रवासी, यांपैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा पट्टा खुंटीला अडकवलेला असतो. तो घेण्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. याउलट, ज्या बारा वर्षांच्या मुलीचा कणा एका कुशीला वळू लागला आहे, तिला अंगाच्या मापाने घडवलेल्या कडक पट्ट्याची खरी गरज असते. आणि तो मिळवण्यासाठी गावाकडच्या पालकांना मोठ्या शहराच्या वाऱ्या कराव्या लागतात. तो परवडेल की नाही, ही विवंचना निराळीच. शस्त्रक्रियेविना पाठीचे विकार बरे करण्याविषयी आपल्याकडे बरेच बोलले जाते. परंतु ज्या उपायाला पुरावा आहे तो दुर्मीळ आणि ज्याला पुरावा नाही तो सुलभ, ही विसंगती क्वचितच कोणाच्या ध्यानात येते.

मुंगीच्या पावलांनी येणारा विकार

कण्याची वक्रता आणि कंबरदुखी हे दोन्ही विकार ‘पाठीचे’ म्हणून एकाच गाठोड्यात बांधले जातात. ते गाठोडे प्रथम सोडले पाहिजे. कण्याला बाजूने बाक येतो, त्या विकाराला वैद्यकात स्कोलिओसिस म्हणतात. पाठीमागून पाहता सरळ दिसायला हवा असा कणा यात एका अंगाला वळतो आणि मणके स्वतःभोवती थोडे पिळलेही जातात. क्ष-किरण चित्रावर हा कोन मोजण्याची जी पद्धत अमेरिकन शल्यविशारद जॉन कॉब यांनी १९४८ साली मांडली, तीच आजही प्रमाण मानली जाते. कोन १० अंश वा अधिक असेल तरच त्यास हे नाव मिळते. किशोरवयातील शंभर मुलांमागे दोन-तीन जणांत तो आढळतो आणि बहुसंख्यांच्या बाबतीत त्याचे निश्चित कारण सापडत नाही. दप्तराचे ओझे किंवा वाकडे बसण्याची सवय यांमुळे तो होतो, असा पुरावा नाही. दप्तर हलके व्हायलाच हवे. केंद्र सरकारच्या २०२० च्या धोरणाने त्याचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपुरते मर्यादित केले, हे योग्यच झाले. परंतु मुलीच्या पाठीला बाक आला म्हणून आईने स्वतःला किंवा मुलीला बोल लावण्याचे कारण नाही.

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, असे म्हणतात. हा विकार मात्र येतोही मुंगीच्याच पावलांनी. तो बहुधा फारसा दुखत नाही. एक खांदा किंचित उंच दिसतो, कमरेची एक बाजू अधिक भरलेली वाटते, गणवेशाची कड तिरकी पडते, एवढेच. वयात येताना उंची झपाट्याने वाढते, त्या दोन-तीन वर्षांत वळणही झपाट्याने वाढू शकते. लहानसा बाक मुलगे आणि मुली यांच्यात जवळजवळ सारखाच आढळतो. वाढत जाणारा बाक मात्र मुलींत कित्येक पटींनी अधिक. आणि येथेच आपल्या समाजाची जुनी खोड आडवी येते. मुलीच्या पाठीत व्यंग आहे हे चारचौघांत कळले तर उद्या तिच्या लग्नाचे कसे व्हायचे, या धास्तीने ते झाकले जाते. सैल कपड्यांआड दोन वर्षे निघून जातात. तोवर हाडांची वाढ संपत येते आणि तिच्याबरोबर पट्ट्याची उपयुक्तताही संपते. लग्नाच्या काळजीपोटी केलेली ही लपवाछपवीच अनेकदा मुलीला शस्त्रक्रियेच्या दारात नेऊन उभी करते.

पुरावा काय सांगतो?

पट्ट्याची कल्पना नवी नव्हे. १९४० च्या दशकात अमेरिकेत ‘मिलवॉकी’ पट्टा तयार झाला. त्याची कडी थेट गळ्यापर्यंत येई. १९७० च्या दशकात कपड्यांखाली झाकता येईल असा ‘बॉस्टन’ पट्टा आला. तरीही पट्ट्याने खरोखर काही साधते काय, याविषयी तज्ज्ञांत दीर्घकाळ मतभेद होते. २०१३ साली अमेरिका व कॅनडातील २५ केंद्रांत झालेल्या अभ्यासाने त्याचा बऱ्याच अंशी निकाल लावला. १० ते १५ वर्षे वयाच्या आणि २० ते ४० अंशांची वक्रता असलेल्या २४२ मुलामुलींची त्यात पाहणी झाली. वाढ पूर्ण होईपर्यंत ज्यांचा बाक ५० अंशांच्या आत राहिला, त्यांचे प्रमाण पट्टा वापरणाऱ्यांत ७२ टक्के आणि नुसत्या देखरेखीखाली असलेल्यांत ४८ टक्के भरले. दिवसाकाठी सुमारे १३ तास वा अधिक पट्टा बांधणाऱ्यांत तर यशाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या घरात गेले. सहा तासांहून कमी बांधणाऱ्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पट्टा बाक थोपवतो. तो पूर्ण सरळ करण्याचे वचन देत नाही. शिवाय पट्ट्याविनाही जवळजवळ निम्म्या मुलांचा बाक घातक मर्यादेपर्यंत गेला नाही. तेव्हा प्रत्येक वाकड्या पाठीला पट्टा बांधणे हाही अन्यायच ठरेल. साधारणतः २५ अंशांच्या आत ठरावीक काळाने तपासणी, त्यापुढे ४० अंशांपर्यंत, वाढ शिल्लक असेल तर पट्टा, आणि ४५ ते ५० अंशांपलीकडे शस्त्रक्रियेचा विचार, असा आजचा क्रम आहे. तो मुलगी पाहून विशेषज्ञानेच ठरवायचा असतो.

व्यायामाचे काय? कॅथरिना श्रोथ या जर्मन बाईंना स्वतःलाच हा विकार होता. त्यांनी १९२१ च्या सुमारास माइसेन येथे श्वसन आणि शरीराची ठेवण यांवर आधारलेली व्यायामपद्धती शिकवण्यास आरंभ केला. तिचा प्रसार आज अनेक देशांत झाला आहे. पट्ट्याच्या जोडीला असे व्यायाम उपकारक ठरतात, असे काही अभ्यास सांगतात. पट्ट्याची जागा ते घेऊ शकतात, असे म्हणण्याइतका पुरावा नाही. योगासनांविषयीही हेच म्हणावे लागते. मथुरेच्या कुब्जेला श्रीकृष्णाने एका स्पर्शात सरळ केले, ही कथा आपल्या मनात खोल रुजलेली आहे. परंतु चार बैठकांत कणा सरळ करून देण्याचे आश्वासन देणारे जाहिरातदार म्हणजे श्रीकृष्ण नव्हेत. त्यांच्या दारी पैसा जातो, आणि त्याहून मोलाचे असे वाढीचे महिने जातात.

कंबरदुखीचा न्याय निराळा

प्रौढांच्या कंबरदुखीकडे वळले की चित्र नेमके उलटे होते. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता, असा अंदाज आहे. या जुनाट दुखण्यासंबंधी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. नियमित व्यायाम, दुखण्याविषयीचे शिक्षण आणि मानसिक आधार यांचा त्यात पुरस्कार आहे. कमरेचे पट्टे आणि वजने लावून कणा ताणणे यांचा सरसकट वापर करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१७ साली जुनाट कंबरदुखीसाठी सुचवलेल्या उपायांत तर योगाचाही समावेश होता. उसण भरली की आठ-आठ दिवस अंथरुणाला खिळून राहण्याची आपल्याकडील रीतही टिकणारी नाही. दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांच्या विश्रांतीइतकीच गुणकारी असते आणि कामाचे दिवस कमी बुडतात, असे १९८६ सालीच एका प्रयोगात दिसून आले होते.

‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली आहे’ ही वाक्ये ऐकून घाबरलेली माणसे आपण रोज पाहतो. १९९४ साली पाठ मुळीच न दुखणाऱ्या ९८ जणांची चुंबकीय तपासणी करण्यात आली, तेव्हा त्यांच्यापैकी निम्म्यांच्या मणक्यांतील गाद्या फुगलेल्या निघाल्या! चित्रातला दोष आणि माणसाचे दुखणे यांची सांगड दर वेळी बसतेच असे नाही. पायात कळ उतरणाऱ्या सायटिकाविषयी नेदरलँड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम लवकर पडला, परंतु वर्षअखेरीस दोन्ही गट सारख्याच स्थितीत होते. अर्थात ताप, घटणारे वजन, रात्री वाढणारी वेदना, पायांतील बळ जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे ही लक्षणे दिसली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. आपल्या देशात मणक्याचा क्षय विसरून चालत नाही. तोही बहुतेक वेळा औषधांनीच बरा होतो. सरसकट शस्त्रक्रिया न करता औषधांवर भर देणारा ‘मध्यम मार्ग’ डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ साली जगापुढे मांडला, तो भारतातील अनुभवावरूनच.

शाळेतील एक मिनिट

बालकाच्या कण्याची वक्रता वेळीच ओळखण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. विल्यम अॅडम्स या इंग्रज शल्यविशारदाने १८६५ साली वर्णिलेली तपासणी आजही वापरात आहे. मुलीने पावले जुळवून, गुडघे न वाकवता पुढे ओणवे व्हावे आणि मागून पाहावे. पाठीची एक बाजू उंचवटल्यासारखी दिसली, तर तिला डॉक्टरांकडे पाठवावे. याला एक मिनिटही लागत नाही. अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटना मुलींची १० व्या आणि १२ व्या वर्षी, तर मुलांची १३ व्या किंवा १४ व्या वर्षी अशी तपासणी सुचवतात.

यावर आक्षेप आहेत, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. सरसकट तपासणीने अनेक निरोगी मुले अकारण क्ष-किरणांपुढे उभी राहतील आणि पालक धास्तावतील, असे काहींचे म्हणणे आहे. अमेरिकेतीलच एका अधिकृत तज्ज्ञ समितीने २००४ साली अशा तपासणीला विरोध केला होता. २०१८ साली मात्र तिने तो मागे घेऊन, बाजूने वा विरोधात कौल देण्याइतका पुरावा नाही, अशी भूमिका घेतली. परंतु ज्या घरांत मुलाला वर्षानुवर्षे कोणी डॉक्टर पाहतच नाही, तेथे शाळेतील बाईंची नजर हीच पहिली आणि बहुधा शेवटची संधी असते. शंका आल्यास प्रथम अनुभवी डॉक्टरांनी पाहावे आणि गरज वाटल्यासच क्ष-किरण काढावेत, एवढे पथ्य पाळले तर या आक्षेपांची धार पुष्कळ कमी होईल.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याची फिरती पथके शाळाशाळांतून जातात आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. ज्या ३० विकारांवर तो उभारला गेला, त्यांत कण्याची ही वक्रता नव्हती. पथक आलेलेच असते, मूल समोर उभेच असते. मग त्याला एकदा वाकून उभे राहायला सांगण्याने कोणता बोजा वाढणार आहे? खर्चाचा प्रश्न खरा आहे तो पुढचा. आयुष्मान भारत योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे. बाह्यरुग्ण विभागातील खर्च तिच्या कक्षेत येत नाही. म्हणजे वाढलेल्या बाकावर शस्त्रक्रिया करायची तर शासनाचा हात पुढे येण्याची शक्यता आहे, पण तो बाक वाढूच नये म्हणून लागणारा पट्टा आणि व्यायामाचे शिक्षण यांचा भार मात्र घरावर. मूल वाढते तसा पट्टा बदलावा लागतो, म्हणजे हा भार एकदाच पडत नाही. हाजी अलीच्या अखिल भारतीय पुनर्वसन संस्थेसारख्या सार्वजनिक संस्था मुंबईत १९५५ पासून आहेत. पण गडचिरोली किंवा नंदुरबारच्या मुलीने दर खेपेला तेथवर कसे यावे? प्रत्येक जिल्हा रुग्णालयाशी जोडलेली पट्टा-निर्मितीची सोय आणि तिच्यासाठी शासकीय योजनेतून पैसा, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

शासन करील तेव्हा करील. तोवर शिक्षकांच्या हाती बरेच आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत दिवसाचे तेरा-चौदा तास प्लास्टिकच्या कवचात काढणारी मुलगी वर्गात बसते, तेव्हा तिची थट्टा होणार नाही, तिला घाम पुसायला पाच मिनिटे मिळतील आणि कवायतीतून तिला कायमचे वगळले जाणार नाही, हे पाहणे त्यांच्याच हाती आहे. पट्ट्याचे यश तासांत मोजले जाते, आणि ते तास मुलीच्या मनाच्या बळावर भरतात. पालकांनीही लपवण्याचे सोडून दाखवण्याची सवय लावून घ्यावी. आयोवा विद्यापीठाने उपचार न झालेल्या रुग्णांचा सुमारे ५० वर्षे मागोवा घेतला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांना पाठदुखी अधिक आढळली, तरी बहुतेकांचे आयुष्य कर्तेपणाने गेले होते. तेव्हा हा विकार म्हणजे मुलीच्या भवितव्याचा शेवट, ही समजूत निराधार आहे. खुंटीवरचा कमरेचा पट्टा काढून ठेवून वडिलांनी रोज अर्धा तास चालायला जावे आणि मुलीच्या पाठीकडे एकदा निरखून पाहावे. शस्त्रक्रिया टाळण्याचा मार्ग असलाच तर तो असा साधा, सावकाश आणि वेळेवर सुरू होणारा आहे.