दोन पायडलांची गाडी आणि मागचे घर

अमेरिकेतल्या बहुतेक मोटारींना क्लच नसतो, हे आपल्याकडून गेलेल्या माणसाला प्रथम मोठे सुख वाटते. डाव्या पायाला एकदम पेन्शनच मिळते! उजव्या पायाने दाबावे, सोडावे. बाकीचा संसार गाडी आपली आपण सांभाळते. १९४० सालच्या ऑल्डस्मोबिल गाड्यांत ‘हायड्रामॅटिक’ नावाने ही सोय आली, आणि पुढे त्या देशात गिअरचा दांडा हाताळणारा माणूस दुर्मिळ झाला. आता पुण्यामुंबईतही पुष्कळांचा डावा पाय असा निवृत्त होऊ लागला आहे. म्हणून यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या जुलैत, कोलोरॅडोच्या डोंगरात आमच्या भाच्यावर जे गुदरले ते या सदराच्या वाचकांच्या कानावर घालतो.

भाचा डेन्व्हरला असतो. मामा-मामी प्रथमच आलेली, तेव्हा त्यांना रॉकी पर्वत दाखवायचा, आणि तोही हॉटेलात उतरून नव्हे, तर घर मागे बांधून, असे त्याने ठरवले. असे चाकांवरचे घर तिकडे भाड्याने मिळते. आत बिछाने, शेगडी, न्हाणीघर, सगळे. रिकामे असतानाच त्याचे वजन साडेतीन हजार पौंड. त्यात भाचेसुनेने किराणा भरला, मुलांनी सायकली घातल्या, आणि भाच्याने टाकीत चाळीस गॅलन पाणी भरले. पाण्याला वजन असते हे आपण विसरतो. ते चाळीस गॅलन म्हणजे दीड क्विंटल झाले! गाडीत आम्ही सहा माणसे होतो ती वेगळीच.

“मामा, कंपनीच्या पुस्तकात पाच हजार पौंड ओढते असं लिहिलंय,” तो म्हणाला. गाडीला मागे आकडाही होता. एका दुकानातून त्याने तो मागाहून बसवून घेतला होता. आकडा चांगला मजबूत होता. त्याबद्दल तक्रार नाही.

डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे. तिथून पश्चिमेला निघालेला सत्तर नंबरचा महामार्ग साठेक मैलांत आयझेनहॉवर बोगद्यापाशी अकरा हजार फुटांच्या वर चढतो. (बोगद्याची एक नळी १९७३ साली सुरू झाली, दुसरी १९७९ साली.) आपला बोरघाट त्याच्यापुढे माडीचा जिना म्हणायचा. शिवाय त्या उंचीवर हवा विरळ. साध्या इंजिनाची जवळजवळ तीस टक्के ताकद तिथेच हरवते.

आयडाहो स्प्रिंग्ज मागे पडले आणि गाडी स्वतःशीच वाद घालू लागली. एक गिअर खाली यायची, पुन्हा वर जायची, पुन्हा खाली. आमच्या जुन्या फियाटचा गिअर स्टिअरिंगपाशी होता. घाटात तिला चढ जड झाला की दांडा हाताशी कुरकुरायचा, तळपायाला थरथर लागायची, आणि आपण मुकाट्याने दुसरा टाकायचो. गाडीचे दुखणे हातापायांतून कळायचे. या गाडीत थरथर नाही, कुरकुर नाही. आत थंडगार हवा आणि मुलांची गाणी. दुखणे होते, पण सांगणारा कोणी नव्हता.

ते दुखणे काय, हे समजून घेण्यासारखे आहे. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. क्लच नसलेल्या गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये असेच दोन पंखे असतात, फक्त वाऱ्याऐवजी तेल. सपाट रस्त्यावर वेग धरला की आतली एक कडी दोघांना घट्ट जोडते. पण चढ आला, ओझे वाढले, गिअर सारखे बदलू लागले, की ती कडी सुटते. मग एक पंखा जोरात आणि दुसरा मागे, आणि मधले तेल नुसते घुसळले जाते. घुसळण्याची सगळी उष्णता त्या तेलातच जिरते. गंमत अशी, की हेच तेल वंगण, हेच आतल्या चकत्या दाबून धरणारे, आणि उष्णता बाहेर नेणारेही हेच. ते तापून पातळ झाले की चकत्या घसरतात, घसरल्या की आणखी तापते. एकाच गड्याला तिन्ही कामे सांगितली, आणि गडी तापाने फणफणला!

सिल्व्हर प्लूमच्या पुढे सौ. म्हणाली, “काहीतरी करपतंय.”

“पुढच्या ट्रकचे ब्रेक असतील, मामी.”

“चढावर ब्रेक कशाला लावील तो? हे तेल आहे. फोडणी जळलेली मला कळत नाही होय?”

तेवढ्यात समोरच्या पाटीवर तेलाच्या उष्णतेचा लाल दिवा लागला. भाच्याने पाय दाबला तर इंजिन आरडाओरडा करी, आणि काटा मात्र पंचेचाळिसावरून तिसावर, तिसावरून विसावर. इंजिन धावते आहे आणि चाके धावत नाहीत, म्हणजे आतल्या चकत्या घसरू लागल्या.

“बोगदा आता जवळच आहे,” भाचा म्हणाला. “पलीकडे सगळा उतारच. उतारावर गाडी आपोआप जाईल.”

“आपोआप जाईल, म्हणूनच इथे थांब,” मी म्हणालो.

बोगद्यापलीकडे रस्ता डिलनकडे जवळजवळ सात टक्क्यांनी घसरतो. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी तिथे बाजूला वाळूखडीच्या चढत्या वाटा करून ठेवल्या आहेत, यावरून काय ते ओळखावे. घाटात उतरताना इंजिनच गाडीला आवरून धरते, पण ती पकड पोहोचते गिअरमधूनच. गिअरच नाहीत म्हटल्यावर पाठीशी दोन टनांचे घर आणि हाती नुसते ब्रेक. मागच्या बाकावर आठ आणि पाच वर्षांची दोन मुले. भाचा क्षणभर गप्प राहिला आणि गाडी कडेला घेतली. घराच्या चाकांमागे पाचरी ठोकल्या, हातब्रेक लावला आणि मुलांना कठड्यापलीकडे नेले.

तेल नुसते तापले असते, तर गाडी ‘पार्क’मध्ये ठेवून इंजिन चालूच ठेवायचे असते. इंजिनावर चालणारा पंप तेल फिरवत राहतो, म्हणून ते निवते. पण करपल्याचा वास आणि घसरणारे गिअर यांपुढे हा उपाय लंगडा. भाच्याने इंजिन बंद केले.

न्यायला दोन ट्रक आले, एक घरासाठी, एक गाडीसाठी. चालकबाईंनी गाडी सबंधच्या सबंध ट्रकच्या पाठीवर चढवली. “दोरीने नाही ओढत?” मी विचारले. तर म्हणाल्या, चाके फिरतील पण इंजिन बंद, मग पंप बंद, आणि आतला उरलासुरला जीव कोरडा फिरून संपेल. आपल्याकडे बंद पडलेली गाडी दोर बांधून टोचन करण्याची रीत आहे. आपल्या गाडीचे पुस्तक पाहिल्यावाचून ती क्लच नसलेल्या गाडीवर चालवू नये. (आपल्याकडच्या स्वस्तातल्या ‘एएमटी’ गाड्यांची जात वेगळी. त्यांत क्लच असतो, फक्त तो दाबायला यंत्र बसवलेले.)

कारखान्यात खालचे ताट उघडले. हे तेल कोकम सरबतासारखे तांबडे असावे. निघाले ते उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखे. ताटातल्या चुंबकावर लोखंडाच्या भुकटीचा गिलावा. मिस्त्रीने पुस्तकाचे तेच पान उघडून बोट ठेवले: पाच हजार पौंड खरेच, पण तेल निववण्याचा वेगळा कूलर बसवला असेल तर. आकडा विकणाऱ्याने आकडा विकला. कूलरचे नावही काढले नाही.

सबंध गिअरपेटी नवी करायला पाच हजार चारशे डॉलर पडले. घर दोन रात्री भाच्याच्या दारातच उभे राहिले. मुले त्यातच झोपली आणि त्यांच्या मते सहल उत्तम झाली. भाचेसून मात्र स्वयंपाकघरात कागद-पेन्सिल घेऊन बसली होती. दिवाळीला पुण्याला येण्याची चार तिकिटे त्या पैशांतून निघायची होती.

तेव्हा यंदा आमच्याकडे फराळाला चार पाने कमी. सौ.ने डबा कुरिअरने धाडला आहे. डेन्व्हरला पोहोचेपर्यंत चकलीची चकली राहते की पुन्हा भाजणी होते, ते भाचा कळवणार आहे.